बीबीच्या आधी शेगाव

वर्ष संपायला चार दिवस उरले की आमच्या डोणगावात लोकांना एकदम सुधारायची घाई होते. पाडव्यापासून विडी बंद, पाडव्यापासून पहाटे आंघोळ, पाडव्यापासून भावाशी बोलणार. पाडवा काही नव्या स्वभावाची पोती घेऊन येत नाही, पण हे सांगणार कोण? दरवर्षी मीच सांगतो. म्हणून या दिवसांत माझ्या किराणा दुकानासमोरून लोक जरा भरभर चालतात.

यंदा मात्र घरातच माझी सुनावणी झाली. आमची एकुलती लेक सुमन बीबी गावाला दिली आहे. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत पोथीत शोधावी लागत नाही. तरी सासरहून निरोप येईना, आणि त्याचं कारण मी होतो. दिवाळसणाला जावई मधुकरराव आले होते. ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर आहेत. पंगतीत पहिल्या घासाआधी एकेकानं श्लोक म्हणायचा, ही आमच्या घरची पद्धत. त्यांची पाळी आली आणि ते गप्प बसले. मी चारचौघांत म्हणालो, "दवाखान्यात बाटल्या धुता धुता श्लोकही धुऊन गेला वाटते!" लोक हसले. जावई भरल्या ताटावरून उठले आणि सुमनला घेऊन दुपारच्याच गाडीनं निघून गेले.

"बीबीले जा अन् तिले घेऊन या," घरची म्हणाली.

"आधी शेगावले जातो. समाधीचं दर्शन घेतो, मंग पाहू."

"देवाले काऊन मधात घालता? देव उठला होता का ताटावरून?"

मी पिशवी भरली. सोबत शेजारचे श्रीपतराव होते, भाजीचा मळा करणारे. माणूस चांगला, पण एस.टी.त बसल्याबरोबर झोपणारा आणि झोपेत माझ्या खांद्याला उशी समजणारा. डोणगावहून सकाळच्या गाडीनं मेहकर, तिथून खामगावची गाडी. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : मेहकरला भरपेट खाऊन घ्या. आम्ही शहाणपणा करून पुढं खाऊ म्हटलं. जानेफळला चहा मिळाला, म्हणजे कपात गरम काहीतरी मिळालं. नवं राज्य आलं तेव्हा रस्ते होतील असं भाषणात ऐकलं होतं. खडी आली आहे. ती रस्त्याच्या कडेला ढिगानं पडून आहे आणि तिच्यावर शेळ्या चढतात. उतरणीला पळस मात्र असा फुलला होता की मलासुद्धा नाव ठेवायला जागा सापडली नाही.

खामगावहून शेगाव जवळ. गुरुवार असल्यानं गर्दी. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये दीड रुपयात दोन खाटा मिळाल्या. एका खाटेला तीनच पाय होते. चौथ्या पायाच्या जागी विटा रचल्या होत्या. ती श्रीपतरावांना दिली, कारण ते कुठंही झोपतात. स्टेशनवरची कचोरी खा, गरम असेल तरच.

समाधीपुढं उभं राहिलं की माझं तोंड आपोआप मिटतं. तिथं मी काही मागत नाही. तेवढाच वेळ मी कोणाला काही बोलत नाही, एवढीच माझी भक्ती. डोळे उघडले तर शेजारी श्रीपतराव हात जोडून पुटपुटत होते. तीर्थाला आलं की खाण्यातली एखादी वस्तू कायमची सोडायची, ही आपल्याकडची चाल. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सोडलं?"

"कारलं."

"पंधरा वर्षं तुमच्या मळ्यात कारलं पाहून राह्यलो. तुमी ते कधी खाल्लं?"

"नाही बा. कडू लागते."

मागच्या वर्षी त्यांनी सुरण सोडला होता. त्याआधी शेपू. देवाजवळ यायचं आणि जे आपल्याला नको तेच त्याच्या पायावर टाकायचं! मी स्टेशनच्या रस्त्याभर त्यांना झोडपलं. ते शांतपणे चालत राहिले, मग म्हणाले, "तुमी काय सोडलं?"

"काहीच नाही."

"मंग आले काहाले? टोमने सोडा न, शेठ. गाव पाडव्याले दोन-दोन गुढ्या उभारीन."

मला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत. ते गिळलं. श्रीपतरावांनी निदान कारलं तरी सोडलं होतं. मी तर बीबीला जायला नको म्हणून शेगावला आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मेहकरच्या स्टँडवर श्रीपतराव डोणगावच्या गाडीत चढले, मी सुलतानपूरवरून बीबीला जाणाऱ्या. वाटभर मी बोलायचं जुळवत होतो. मोठं छान जुळलं होतं, त्यात पोथीतले दोन दाखलेही होते. जावयांच्या दारात पोचलो, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि तोंडातून एवढंच निघालं : "माझं चुकलं."

"बसा, मामाजी." ते स्वतः उभेच राहिले. "मी श्लोक विसरलो नव्हतो. मले येतच नव्हता. आमच्या घरी म्हनत नाहीत. पन तुमी सांगू देता कोनाले?"

चौकटीशी सुमन उभी होती. ती माझ्याकडं पाहत नव्हती, त्यांच्याकडं पाहत होती.

"तिले न्या," ते म्हणाले. "डॉक्टरसाहेब म्हनले, न्यायचं तर आताच, मंग प्रवास नको. पन मी तुमच्या उंबऱ्यात येनार नाही. बारशालेही नाही."

सकाळी ट्रंक त्यांनीच खांद्यावर घेऊन स्टँडवर आणली. कंडक्टरशी भांडून सुमनला पुढची जागा मिळवून दिली. "मेहकरले गाडी बदलान तवा चाकावरच्या जागेवर बसवू नका," एवढंच मला म्हणाले. गाडी हलली तरी ते तिथंच उभे होते. सुमन मेहकरपर्यंत बोलली नाही. मीही बोललो नाही. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सोयीसाठी.

पाडव्याला घरात लेक होती. घरची खूश होती. गल्लीतल्या बायका विचारत होत्या, "जावईबापू केव्हा येनार?" आणि सुमन कडुलिंबाची पानं निवडत खाली पाहत होती. संपलेल्या वर्षाचा हिशेब मांडायला मला दुसरं काही लागलं नाही. बाळ होईल, बारसं होईल, आणि बाप तेवढा नसेल. नव्या वर्षात माझं काम एकच, त्या माणसाला माझ्या उंबऱ्यात आणणं. शेगाव सोपं होतं, तिथं गाडी जाते.

दुपारी पोस्टकार्ड घेऊन बसलो. पहिलं प्रवचन झालं, फाडलं. दुसऱ्यात मीच बिचारा झालो, तेही फाडलं. तिसरं चार ओळींचं झालं. ते सुमनला दाखवलं. तिनं वाचलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"बाबा, हे 'कामातून सवड झाल्यास यावे' काहाले?"

"रीतीचं आहे बाई. सगळेच लिहितात."

"सगळे लिहितात. तुमी लिहिलं की टोमना लागते. खोडा."

मी खोडलं. टपालपेटीकडं जाताना वाटेत थांबून कार्ड पुन्हा वाचलं. आणखी एक टोमणा सापडला. परत आलो आणि चौथं कार्ड घेतलं.