एक खुर्ची जास्त

कोल्हापुरात माणसं मोजायचं काम माझ्या मावससासूबाईंवर सोपवलं असतं, तर शहराची वस्ती दुप्पट निघाली असती आणि त्यातली निम्मी माणसं कुणालाच सापडली नसती. बायकोची मावशी, म्हणून मीही तिला मावशीच म्हणतो. उभा जन्म मुलींच्या शाळेत शिकवून ती निवृत्त झाली, तेव्हा आता ही सांडगे घालील आणि नातवंडं सांभाळील अशी घरच्यांची समजूत होती. तिनं मानसशास्त्राची पदवी घेतली, समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं, वर कुठल्याशा आश्रमात राहून मौन आणि श्वासाची साधना शिकून आली, आणि शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्यानं घेऊन लोकांची मनं दुरुस्त करायला बसली. दारावर पाटी लावली, 'मन, शरीर व आत्मा यांवर एकत्रित उपचार'. त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत, 'पायताणं बाहेर काढा'.

येणाऱ्याच्या सगळ्या अपेक्षा ती उंबऱ्यावरच मोडून टाकायची. "हितं अंगारा मिळणार न्हाय, गोळी मिळणार न्हाय, आणि उत्तर तर अजिबात मिळणार न्हाय. चहा मिळंल. बसा." एखाद्याला गोळीची गरज आहे असं दिसलं, तर ती स्वतः मनोविकाराच्या डॉक्टरांना फोन करून माणूस तिकडं पाठवायची, आणि ध्यान जमायला लागलं म्हणून कुणी परस्पर गोळ्या बंद केल्या, तर त्याला वर्गात उभं केल्यासारखं उभं करून झाडायची. पहिला तास नुसत्या चौकशीचा. झोप लागते का, पोट साफ होतं का, कुलदैवत कुठलं, त्याच्यावर काही राग आहे का, हे सगळं एका दमात आणि एकाच आवाजात. मग डोळे मिटायला लावून विचारायची, "दुःख अंगात कुठं बसलंय?" तालमीतल्या एका पैलवानानं बराच वेळ अंदाज घेऊन सांगितलं, "उजव्या गुडघ्यात." मावशीला हसू आलं नाही. तिनं त्याला पाच सोमवार गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसवलं. सहाव्या सोमवारी तो धिप्पाड गडी हुंदके देऊन रडला, कारण त्याच गुडघ्यावर डोकं ठेवून त्याची आई गेली होती. ही हकीकत मला त्या पैलवानानंच सांगितली. मावशीच्या पोटातून कुणाची गोष्ट कधी बाहेर आली नाही.

सोमवार अशासाठी, की त्या दिवशी खालची गिरणी बंद असायची. एरवी गिरणीच्या धडधडीनं खोलीतल्या कपबश्याही थरथरायच्या. अवघड माणसं ती सोमवारी बोलवायची, आणि त्या दिवशी चहा करायला माझी बायको तिच्या मदतीला जायची. खुर्च्यांची गोष्ट मला पहिल्यांदा तिच्याकडूनच कळली. माणूस यायच्या आधी मावशी खुर्च्या मांडून ठेवायची, आणि नेहमी एक जास्त. काही वेळा दोन. आजऱ्याहून एक बाई एकट्याच आल्या, तर समोर तीन खुर्च्या. त्या बाई दारातच पांढऱ्या पडल्या. जाताना जिन्यात त्यांनी माझ्या बायकोचा हात धरला आणि म्हणाल्या, "माझ्या दोन भनी ल्हानपणी तळ्यात गेल्या. मी हे नवऱ्यालाबी सांगितलेलं न्हाय. तुमच्या मावशीला कुणी सांगितलं?" मावशीला विचारलं तर ती म्हणायची, "एकटं कोण येतंय गं? कुणीच न्हाय." गिरणीचं पीठ त्या खोलीत सगळीकडं बसायचं, कपाटावर, पुस्तकांवर, मावशीच्या केसांवरसुद्धा. रिकाम्या राहिलेल्या त्या खुर्चीवर मात्र ते बसत नाही, असं बायको शपथेवर सांगायची. मी तिची यथेच्छ टिंगल करायचो.

ती टिंगल माझा थोरला भाऊ गेला आणि बंद झाली. त्याला आम्ही आण्णा म्हणायचो. चालला की गल्लीला कळायचं, कारण त्याचं पायताण करकरायचं. "आवाज झाला न्हाय तर परत आणून टाकीन," असं कारागिराला बजावूनच तो जोड करून घ्यायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, सुपारी फोडली, आणि मला ते दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत एका परक्या माणसाकडून कळलं. सख्ख्या चुलत्याला बोलावणं नाही! मी तणतणत घरी आलो, चपला दारात भिरकावल्या, एक सरळ पडली, एक उलटी, आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं जिन्यावर करकर ऐकू आली. मी बायकोला म्हणालो, "घरात न्हाय म्हणून सांग." तिनं दार अर्धंच उघडून तसं सांगितलं. आण्णा म्हणाला, "बरं. आला की सांग त्येला, मी येऊन गेलो म्हणून." दार लागलं. बाहेर तो जरा रेंगाळला असावा, कारण करकर जिना उतरताना बऱ्याच उशिरानं ऐकू आली. त्याच दुपारी, जेवून आडवा झाला होता, तिथंच तो गेला.

तेराव्याला गेलेल्या माणसाची छत्री, काठी, पायताण दान देतात. ते बघायचं काम माझ्याकडं होतं. मी दुकानातून नवाकोरा जोड आणून दान दिला आणि आण्णाचा जोड पिशवीत घालून आमच्या पलंगाखाली सरकवला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्याच आठवड्यात मागं करकर सुरू झाली. भर उजेडात, ऑफिसच्या जिन्यावर, दुधाच्या रांगेत, रंकाळ्याच्या काठावर फिरताना, बरोबर एक पाऊल मागं. मी थांबलो की थांबायची. वळलो की मागं कुणी नसायचं. झोप उडाली, जेवण तुटलं, कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरांनी सगळं तपासून काही निघालं नाही म्हणून सांगितलं. शेवटी बायकोनं मला मावशीसमोर नेऊन बसवलं आणि ती चहा टाकायला पडद्याआड गेली. समोर माझ्यासाठी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.

मावशीनं डोळे मिटायला सांगितले, श्वास मोजायला सांगितले. सोमवार होता, गिरणी बंद होती. पाच-सहा श्वास झाले असतील, आणि जिन्यावर करकर आली. एकेक पायरी चढून दाराशी येऊन थांबली. तेवढ्यात मावशीचा आवाज आला, "या. पायताण बाहेर काढा की." मी डोळे उघडले. ती दाराकडं बघत होती. दारात कुणी नव्हतं.

"मावशी, तुम्हाला ऐकू आलं?"

"मला काय ऐकू आलं ते सोडा. तुम्ही कुणाला भाईर उभं केलासा पावणं, ते सांगा."

मी सगळं सांगितलं. आतल्या खोलीत बसलो होतो इथपासून पलंगाखालच्या पिशवीपर्यंत. तिनं समजूत घातली नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. फक्त म्हणाली, "फुडच्या सोमवारी ते पायताण घिऊन या."

पुढच्या सोमवारी तिनं मला दारातच थांबवलं. माझ्या चपला तिथंच काढायला लावल्या आणि आण्णाचं पायताण पायात घालायला सांगितलं. ते मला बोटभर मोठं होतं. "आता खाली जावा. वर या. दार वाजवा. मी सांगितल्याबिगर काय उघडणार न्हाय. त्यो जितका येळ उभा ऱ्हायला, तितका येळ ऱ्हावा." ही बाई कुणाला गुडघा धरायला लावते आणि कुणाला जिने चढायला, असं मनाशी पुटपुटत मी खाली गेलो आणि वर चढायला लागलो. तेव्हा लक्षात आलं, की माझं एक पाऊल पडतं आणि करकर दोनदा येते. तरी चढत राहिलो. दार वाजवलं.

आतून माझ्याच बायकोचा आवाज आला, "घरात न्हाईत."

मावशीनं तिला पढवलं होतं, हे मला कळत होतं. तरी छातीत कळ आली. बंद दारासमोर माणूस बघणार कुठं? मी खाली मान घातली. समोर माझ्या चपला होत्या.

त्या चपलांकडं मी किती वेळ बघत होतो, सांगता येत नाही. आमच्याकडं माणूस घरात आहे की नाही हे दारातल्या चपला सांगतात. त्या दिवशीही माझ्या चपला दारातच होत्या. आण्णानं त्या बघितल्या होत्या. मी आत आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरी तो म्हणाला, आला की सांग. आणि मग दुसरी गोष्ट आठवली. आण्णा गेल्याचा फोन आल्यावर मी धावत बाहेर पडलो, तेव्हा चपला शेजारी शेजारी, नीट सरळ ठेवलेल्या होत्या. उलट्या चपलेनं घरात भांडण होतं, म्हणून तो लहानपणापासून कुणाचीही उलटी चप्पल दिसली की सरळ करायचा. दारातून माघारी पाठवलेला माझा भाऊ वाकून माझी चप्पल सरळ करून गेला होता.

मी बंद दाराला डोकं टेकलं. "आण्णा, मी घरातच हुतो रं," एवढंच म्हणता आलं. दार कधी उघडलं ते कळलं नाही. बायको रडत होती. मावशी म्हणाली, "आता चहा घ्या."

ते पायताण मी त्याच दिवशी खालच्या गिरणीवाल्या म्हाताऱ्याला दिलं. माझ्या मागची करकर थांबली.

आता मावशीचे गुडघे दुखतात. गिरणीवरची खोली तिनं सोडली. घरीच कुणी आलं तर बसते. मागच्या महिन्यात सहज भेटायला गेलो, तर समोर एकच खुर्ची मांडलेली होती. मी इकडंतिकडं बघितलं.

"काय हुडकतासा?"

"दुसरी खुर्ची, मावशी."

"त्यो गेला की पावणं आता. तुम्हीच वाट करून दिलीसा."

ह्याचसाठी तर मी तिच्याकडं गेलो होतो. तरी त्या रिकाम्या जागेकडं बघून मला भरून आलं. आपल्यामागं चालणारं कुणी नाही, ह्याची सवय व्हायला वेळ लागतो, हे तिनं पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. आम्ही चहा घेतला. तिच्या केसांवर आता पीठ नव्हतं, तरी ते तसेच पांढरे दिसत होते.

निघताना दाराबाहेर आलो. येताना घाईत होतो, एक चप्पल उलटी पडली होती, हे मला स्वच्छ आठवत होतं. बाहेर दोन्ही चपला शेजारी शेजारी, सरळ ठेवलेल्या होत्या. मावशी खुर्चीतून उठली नव्हती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मी चपला पायात घातल्या आणि पायऱ्या सावकाश उतरलो.