वकिलिणीचं अकरावं प्रकरण

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. दोन-तीनदा कागद पुढे ओढला आणि लिहिलं भलतंच. पालघरच्या कोर्टातल्या गमती, पंचायत समितीच्या निवडणुका, जिल्हा जाहीर झाला तेव्हाची गर्दी. लोकांनी वाचलं, बरं म्हटलं. मागच्या वर्षी वकील मंडळींनी माझा सत्कार केला. तिथं मी माझ्या वहिनीबद्दल बोललो. म्हणालो, तिच्या त्यागामुळे मी वकील झालो. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एकदोघांनी डोळेही पुसले.

तो त्याग नव्हता. त्याग माणूस आपण होऊन करतो. तिला मी फसवलं होतं, एका पुस्तकातलं एक प्रकरण खोटं वाचून.

आमचं घर घिवलीच्या बाजूला, अगदी किनाऱ्याला. बापूस मी लहान असतानाच गेला. थोरला भाऊ मुंबईहून मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढला. पहिल्या वर्षी त्याची तीन पत्रं आली, दुसऱ्या वर्षी एक, मग काहीच नाही. मागे राहिलो आम्ही तिघं. आय, जिची एक बाजू वारं जाऊन लुळी पडली होती. मी, मुंबईत कायदा शिकणारा आणि सुट्टीत घरी येणारा. आणि वहिनी, जिला मी सगळ्यांसारखंच वयनी म्हणायचो. ती माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी होती. पहाटे मासळी घेऊन विकायला जायची, परत येऊन आयला न्हाऊ घालायची, दुपारी बोंबील सुकत घालायची.

तेव्हा तारापूरला प्रकल्प उभा राहत होता आणि कॉलनीत अमेरिकन इंजिनियरांची कुटुंबं राहायची. वयनी त्यांच्यातल्या एका मडमेला पापलेटं द्यायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दोघी खूप हसायच्या म्हणे. मडम मायदेशी निघाली तेव्हा तिनं वयनीला एक टोपली भरून सामान दिलं. त्यात काचेच्या बरण्या होत्या, दोन झगे होते, अंडी घुसळायचं एक यंत्र होतं. यंत्र आमच्याकडे कुणाला कळलं नाही, शेवटी कोंबड्या हाकायच्या कामी आलं. तळाशी एक जाड पुस्तक होतं.

पहिल्याच पानावर फोटो होता. दाढीवाला पुरुष उभा, बाई खुर्चीत, तीन मुलं. एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन वकिलाचं आणि त्याच्या कुटुंबाचं ते चरित्र होतं. त्याच्या नातीनं लिहिलेलं. मडमेचा कुणी पूर्वज असावा.

"हा कोन, भावजी?"

"वकील. निवडून पण आला होता."

"वकिलाचं पुस्तक? मंग हे कायद्याचं हाय!"

मला गंमत वाटली, मी तिची समजूत दुरुस्त केली नाही. दसऱ्याला तिनं ते जाळ्यांशेजारी, कोयत्याशेजारी ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव कायदा पडलं. "भावजी, कायदा काढा," ती म्हणायची, आणि बोंबील सुकवायच्या वलांडीखाली, त्या बांबूंच्या जाळीदार सावलीत, मी वाचायला बसायचो. ती वर बोंबील उलटत असायची.

दहा प्रकरणं मी इमानानं वाचली. माझ्या इंग्रजीत बसेल तेवढा अर्थ सांगितला. तो मुलगा शेतकऱ्याच्या घरातला होता. दुसऱ्या एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करून त्यानं कायद्याची पुस्तकं वाचली. भाषणाचा सराव भोपळ्यांच्या मळ्यात करायचा.

"तो भोपळ्यांसमोर, तुमी बोंबलांसमोर," वयनी म्हणाली. "वकिली म्हंजे अशीच चालू होते वाटतं."

मग तो घोड्यावरून गावोगावच्या कोर्टात जाऊ लागला. लग्न झालं. निवडणूक हरला, पुढची जिंकला. जिथं कायदे करणारी सभा भरायची त्या लांबच्या गावाला गेला आणि तिथलाच होऊन बसला. मधली मुलगी तापानं गेली तेव्हा तो प्रचारात होता. ते वाचलं तेव्हा वयनीचे हात थांबले. त्या वकिलाच्या बायकोला ती वकिलीण म्हणायची. नंतर कितीतरी वेळा, चुलीपुढे, बाजारातून येताना, मध्येच विचारायची, "त्या वकिलिणीला कोन होतं वो तिथं, सोबतीला?"

दहाव्या प्रकरणाच्या शेवटी वकिलाची पत्रं यायची बंद झाली.

त्याच सुमारास केळव्याकडचा एक तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, आमच्या खाडीत बोट लावायला लागला होता. स्वतःची बोट, बायको वारलेली, मूलबाळ नाही. वयनी त्याच्याकडून मासळी उचलायची. मी एकदा तिच्यासोबत गेलो होतो.

"तांडेल, पापलेट देता का पापलेटाची सावली देता?"

"सावली फुकट हाय, बाय. पापलेटाचं बोल."

"मंग दोन सावल्या जास्त घाला."

बोटीवरचे खलाशी हसले. तांडेल हसला नाही. त्यानं टोपलीत दोन पापलेटं जास्त टाकली आणि समुद्राकडे तोंड केलं. मी ते पाहिलं. वयनीनंही पाहिलं. परतीच्या वाटेवर तिनं ती दोन पापलेटं बाजूला काढून टोपलीत सगळ्यांत वर ठेवली.

आमच्या जमातीत तेव्हा रीत होती. नवरा वर्षानुवर्षं परागंदा असला तर बाईच्या मागणीवरून पंच बसायचे आणि तिच्यासमोर एक काडी मोडायचे. काडी मोडली की संबंध मोडला. मग तिचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न. कुणी नावं ठेवायचं नाही. कायदाही अशा जुन्या रूढीला मान देतो, हे मी त्याच वर्षी परीक्षेत लिहून आलो होतो.

तांडेलानं रीतसर निरोप पाठवला. पुनवेला पंच बसायचे ठरले. आयनं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी होतो, कायद्याचं शेवटचं वर्ष बाकी होतं. वयनी गेली असती तर आयचं अंथरूण, तिचं न्हाणं, तिचा घास माझ्यावर आला असता. मुंबई सुटली असती. मी दोन दिवस याच्याशिवाय दुसरा विचार केला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वयनी पदराला हात पुसत आली. पुस्तक तिनंच आणलं होतं.

"भावजी, परवा पंच विचारतील. मी काय सांगू?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय? कायद्यात काय हाय ते बगा. ती वकिलीण काय करते पुडं?"

अकरावं प्रकरण मी आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. त्यात ती बाई एका सकाळी घराला कुलूप लावते. किल्ली शेजारणीला देते आणि दोन मुलांना घेऊन दुसऱ्या गावी जाते. तिथं मुलींची शाळा काढते. कोर्टातून मोकळी होते. पुढे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी लग्न करते. म्हातारपणी लेकीला लिहिते की, आयुष्यातली माझी स्वतःची वर्षं तीच.

मी पान उघडलं. बोट ओळींवरून फिरवलं. आणि वाचलं की ती थांबते.

वयनीनं वाकून पानाकडे पाहिलं, म्हणून मी आणखी वाचलं. की ती दर वर्षी घराच्या दाराला निळा रंग देते, नवरा लांबून येताना त्याला घर ओळखू यावं म्हणून.

"निळाच?"

"लिहिलंय तसं."

"आनी येतो तो?"

"येतो."

"किती वर्सांनी?"

याचा मी विचार केला नव्हता. "नऊ," म्हणालो.

तिनं बोटांवर मोजलं. "माजी पाचच झाली," ती म्हणाली. मग उठली आणि तेच बोंबील पुन्हा उलटायला लागली, जे तिनं मघाशीच उलटले होते.

पुनवेला तिनं पंचांना नाही सांगितलं. पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, कुनाचा जोर हाय काय तुज्यावर?" ती म्हणाली, "जोर कुनाचा नाय. कायदा हाय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला दीर घरात आहे, त्यानं काही तरी पाहूनच सांगितलं असणार, असं त्यांना वाटलं. मी खाली पाहत होतो.

नारळी पुनवेआधी तिनं बोटींच्या रंगातला उरलेला निळा रंग मागून आणला आणि दार रंगवलं. मग दर वर्षी.

मी वकील झालो. पालघरला बिऱ्हाड केलं, पुढे घर बांधलं. आय जाईपर्यंत वयनीनंच तिचं सगळं केलं. निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा वयनी मासळीची टोपली डोक्यावर घेऊन दारोदार माझं चिन्ह सांगत फिरली. त्याआधीच, भावाला जाऊन नववं वर्ष लागलं तेव्हा तिनं घर सारवलं, नवी चादर आणली, भावाच्या आवडीचा सुका जवळा डब्यात भरून ठेवला. वर्ष सरलं. मी सुट्टीच्या दिवशी गेलो होतो, तर ती उंबऱ्यात बसली होती.

"त्यांची वर्सं मोठी असतील, भावजी. अमेरिकेतली."

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. तांडेलानं तोवर लग्न केलेलं नव्हतं, हेही मला माहीत होतं. मी म्हणालो, "असतील." आणि बोईसरची गाडी चुकेल म्हणून निघालो.

तांडेल पुष्कळ वर्षांनी माझ्या ऑफिसात आला, बोटीच्या कागदांचं काम घेऊन. पिकला होता. काम झाल्यावर उठला, पुन्हा बसला.

"वकीलसायब, ते दार अजून निळंच हाय ना?"

"आहे."

"आमी खाडीत शिरताना लांबून दिसतं. मला वाटायचं, तो रंग माज्यासाठी लावते ती." तो हसला. "म्हातारा झालो, काय पन वाटतं."

त्या दिवशी मी दुपारी कोर्टात गेलो नाही.

वयनीची दृष्टी अधू झाली तेव्हा मी तिला पालघरला आणलं. येताना तिनं दोनच गोष्टी घेतल्या, कपड्यांचं बोचकं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कायदा. संध्याकाळी गॅलरीत बसून म्हणायची, वाचा. मी वाचायचो. वाचायचो म्हणजे काय, तिला सगळं पाठ होतं. माझा शब्द इकडचा तिकडे झाला तर थांबवायची. "नाय, भोपळे आदी येतात, घोडा मागनं." अकराव्या प्रकरणाला आलो की ओठ हलवत माझं खोटं माझ्यासोबत म्हणायची.

एकदा मी ठरवून बसलो.

"वयनी, इथं एक चूक झालीय."

"कुनाची? वकिलाची?"

"वाचणाऱ्याची."

"मंग चष्मा बदला की," ती म्हणाली आणि खुदकन हसली, अगदी बोटीजवळ हसायची तशी. ते हसू मी फार वर्षांनी ऐकत होतो. ते मोडवेना. मीही हसलो आणि निळ्या दाराचं पुढे वाचलं. त्याच थंडीत ती गेली.

गेल्या महिन्यात मी गावी गेलो. बोईसरला रिक्षा केली. रिक्षावाला उत्तरेकडचा, या भागात नवाच. पत्ता सांगायला लागलो तर म्हणाला, "अच्छा चाचा, वो नीले दरवाज़े वाला घर?" घराला कुलूप आहे. रंगाचे पापुद्रे सुटलेत, एकावर एक, सगळे निळे. वलांडीचे बांबू कुणीतरी नेले. मी दारापुढे उभा राहून इतकी वर्षं न म्हटलेली ती खरी वाक्यं मोठ्यानं म्हणायचा प्रयत्न केला. शेजारची बाई बाहेर आली, तसा गप्प झालो. म्हणून इथं लिहितो.

वयनी, अकराव्या प्रकरणात वकिलीण थांबत नाही. ती कुलूप लावते, किल्ली शेजारणीला देते आणि निघते. निळं दार त्या पुस्तकात कुठंच नाही. नऊ वर्षंही नाहीत. ती मी घातली, कारण आयचं अंथरूण मला नको होतं. आणि ते पुस्तक कायद्याचं नव्हतंच गं. खरा कायदा तुझ्या बाजूनं होता, पंच काडी मोडायला तयार होते, तांडेल थांबला होता. हे सगळं मला त्या दुपारी माहीत होतं. माझं चुकलं. मला माफ कर.