शिक्षेतल्याला भेट नाही

शिस्तीवर प्रेम करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण शेळ्यांना रांगेत उभं करू पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे रिसोडच्या मिशनच्या शाळेतले आमच्या बोर्डिंगचे ब्रदर. आवारात गावच्या शेळ्या शिरल्या तर दुसरा कुणी काठी घेऊन धावला असता. ब्रदर आधी शिट्टी वाजवायचे. शेळ्या थांबल्या नाहीत तर पुन्हा वाजवायचे. मग कमरेची दोरी आवळून, पांढरा झगा सावरत, एकामागे एक लावून त्यांना फाटकाबाहेर काढण्याची जी खटपट चाले, ती बघायला आम्ही खिडक्यांशी गर्दी करायचो, आणि गर्दी केली म्हणून आमचीच रांग लागायची. शेळ्या सुटायच्या आणि आम्ही अडकायचो.

ते कुठल्या देशाचे हे आम्हाला कधी नीट कळलं नाही. विचारलं तर ‘लय डोंगर, लय बर्फ’ एवढंच सांगायचे. मराठी त्यांना शिकवली होती बोर्डिंगच्या स्वयंपाक्यानं, आणि तो मानोऱ्याकडचा, अस्सल वऱ्हाडी. त्यामुळे हा ताडमाड उंचीचा, पिंगट दाढीचा गोरा माणूस ‘काहून बे पोट्ट्या, काय करून राह्यला?’ असं खेकसला की नव्या मुलाला भ्यावं की हसावं ते समजत नसे. स्वयंपाकी कुणालाच अहोजाहो करत नसे, म्हणून ब्रदरांनाही ते कधी जमलं नाही. सकाळी घंटा झाली की अंथरुणाची घडी, मग विहिरीवर आंघोळ, मग उंचीप्रमाणे रांग, मग नखं आणि कानामागची तपासणी. नखात माती दिसली की विचारायचे, ‘हे कोनाचं वावर हाये? पेरनी झाली काय?’ हात दिसला की उलटा करून नखं बघायची ही त्यांची सवय इतकी हाडीमासी खिळलेली, की शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी हात मिळवायला पुढे केला तेव्हा ब्रदरांनी तो उलटा केला, नखं बघितली आणि म्हणाले, ‘बराबर हाये. जाय.’ साहेब गोंधळून खरंच दोन पावलं पुढे सरकले. मोठ्या फादरांनी खोकून खोकून वेळ मारून नेली.

त्यांच्या शिट्टीचा दरारा तर शाळा सोडून गेलेल्यांच्याही अंगात मुरलेला होता. शिट्टी झाली की जिथे असेल तिथे निश्चल उभं राहायचं, हा नियम. एकदा बाजारपेठेत त्यांनी कुत्र्याला हाकलायला शिट्टी फुंकली, तर समोरून बायकोला घेऊन चाललेला एक जुना विद्यार्थी जागच्या जागी ताठ उभा राहिला. बायको बिचारी पुढे निघून गेली. ताप आलेल्या मुलाला कोयनेलचं औषध देताना ब्रदर आधी स्वतः घोटभर प्यायचे. ‘पाह्य, काई कडू नाई,’ म्हणायचे, आणि डोळ्यांतून पाणी गळत असायचं. चॅपेलमध्ये आम्ही ख्रिस्ती नसलेली मुलं मागे गप्प बसायचो. तिथे मात्र ते पाठमोरे गुडघे टेकून असले की फार एकटे दिसत. इतका मोठा माणूस पाठीमागून इतका लहान कसा दिसतो, असं मला वाटायचं.

या सगळ्या शिस्तीतला एक नियम माझ्या वैराचा होता. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून गाड्या यायच्या, आणि बोर्डिंगातल्या मुलांचे आईबाप बाजार करण्याआधी मुलांना भेटून जायचे. व्हरांड्यात सतरंज्या पडायच्या. कुणाची आई तिळाची चटणी आणायची, कुणाचा काका फुटाणे. मात्र ज्याला शिक्षा झाली असेल त्याला भेट नाही, हा ब्रदरांचा कायदा, आणि फाटकावरचा म्हातारा शिपाई तो देवाच्या आज्ञेसारखा पाळायचा. आता गंमत बघा. सकाळभर ब्रदर कुणाला काही बोलायचे नाहीत. दुपारची जेवणं झाली, येणारे येऊन गेले, की त्यांच्या अंगात यायचं. फाटकाकडे डोळे लावून बसलेल्या मुलांसमोर येऊन उभे राहायचे. ‘तुही टोपी वाकडी हाये. शिक्षा!’ ‘तू असा काहून बसला? शिक्षा!’ आणि शिक्षा काय, तर आवारातल्या वाटेच्या दोन्ही कडांना मांडलेल्या दगडांना चुना फासायचा. पावसाचा टिपूस नसताना, आठवड्यापूर्वीचा चुना लख्ख असताना, पुन्हा फासायचा. ब्रदर स्वतःही झगा खोचून आमच्यात बसायचे. त्यांच्या गावाकडच्या गायींच्या गळ्यात केवढाल्या घंटा असतात ते सांगायचे. आम्ही दातओठ खात ऐकायचो.

माझी टोपी दर बाजाराला वाकडी निघायची. माझी आई गेली, त्यानंतर वर्षाच्या आत बापानं दुसरं लग्न केलं आणि मला केनवडहून इथे आणून घातलं. जाताना म्हणाला होता, ‘बाजाराले येत जाईन.’ तो आला नाही. घरात तान्हं मूल होतं, शेती होती, कारणं असतीलच. पण मला कारणं नको होती, बाप हवा होता. पोरं घरच्या भाकरीचा वाटा द्यायची, तो मला गिळवत नसे. तरी दर बाजाराला मी सकाळपासून फाटकासमोर बसायचो, आणि दुपारी ब्रदर मला पकडायचे. या माणसाचं माझ्याशी काय वाकडं आहे, या विचारानं मी इतका धुमसायचो, की संध्याकाळपर्यंत बापाची आठवणही मागे पडायची.

एका बाजाराला उन्हं कलली होती आणि आम्ही विहिरीजवळच्या दगडांना चुना लावत होतो. शिपाई हातात एक गाठोडं घेऊन आला. गाठोड्याचं फडकं मी लांबूनच ओळखलं. आईच्या लुगड्याचं होतं ते.

‘याचा बाप आलता,’ शिपाई म्हणाला. ‘गाडीचं चाक मोडलं म्हने वाटंत, म्हून उशीर झाला.’

‘मंग कुठं हाये तो?’ ब्रदर उठून उभे राहिले.

‘गेला ना वापस. म्या सांगतलं, तुहं पोट्टं शिक्षेत हाये, भेट नाई. त्यानं इचारलं, काय केलं म्हने? म्या म्हनलं, टोपी वाकडी. गाठोडं ठेवलं अन् गेला.’

‘तू त्याले काहून जाऊ देल्लं बे!’

‘कानून तुमचाच हाये,’ शिपाई शांतपणे म्हणाला.

ब्रदरांचा लालबुंद चेहरा मी पहिल्यांदाच पांढरा पडलेला पाहिला. ना रांग, ना परवानगी, ना हात धुणं. सायकल काढली, मला गाठोड्यासकट मागे बसवलं आणि केनवडच्या रस्त्याला लागले. झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, दाढीला चुना. सायकल खड्ड्यांतून उडत होती आणि मी त्यांच्या पाठीला घट्ट धरून देवाला विनवत होतो की गाडी दिसू दे. माझी शिस्तही मग सुटली, मी मोठमोठ्यानं रडायला लागलो. ब्रदर ओरडले, ‘रडू नको, रस्त्याकडं पाह्य!’ शेवटी एका वळणावर आमची बैलजोडी दिसली आणि ब्रदरांनी शिट्टी फुंकली. बैल काही आमच्या शाळेत शिकलेले नव्हते, ते थांबले नाहीत. बाप मात्र दचकून खाली उतरला.

चुन्यानं माखलेला गोरा साहेब धापा टाकत समोर उभा बघून त्यानं हात जोडले. ‘सायेब, पोट्ट्यानं लय मोठा गुन्हा केला काय?’

‘त्यानं नाई. म्या केला,’ ब्रदर म्हणाले. ‘याले भेटाले कोनी येत नाई. म्हून म्या याले शिक्षा देत होतो. शिक्षा देल्ली की पोट्टं माह्यावर चिडते. चिडलं की मंग ते रडत नाई. तू येशीन, हे मले मालूम नव्हतं.’

मी सायकलजवळ उभा राहून हे ऐकलं. दर बाजाराची ती वाकडी टोपी मला एकदम समजली आणि इतके दिवस ज्या माणसावर दात धरला त्याच्या चुना लागलेल्या हातांना जाऊन बिलगावंसं वाटलं. बाप खाली मान घालून उभा होता. ‘कोनी येत नाई’ हे शब्द त्याला जिथे लागायचे तिथे लागले होते. मग तो म्हणाला, ‘बसा, सायेब. भाकर खाऊ.’ रस्त्याकडेच्या निंबाखाली आम्ही बसलो. भाकर मोडता मोडता बापानं विचारलं, ‘तुमाले भेटाले कोन येते?’

‘मले? माय होती. ती उन्हाळ्यात मेली, ते मले पावसाळा सरल्यावर समजलं. आता कोन येईन?’

बापानं भाकरीचा मोठा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. नखं त्या दिवशी कुणीच बघितली नाहीत.

त्यानंतर बाप बाजाराला येऊ लागला. पण फाटकावर सांगायचा, ‘ब्रदरले भेटाले आलो.’ दोघं व्हरांड्यात समोरासमोर बसायचे आणि मी मधे. बाप मुलखाचा घुमा, माझ्याशी त्याला बोलताच यायचं नाही. ब्रदरांशी मात्र भडाभडा बोलायचा. कपाशी कशी आहे, बैल कसा लंगडतो, आणि एकदा तर, ‘याच्या मायचा आवाज लय गोड होता, जात्यावर बसली की मी वावरात जाचं इसरो.’ आईविषयी हे त्यानं मला कधीच सांगितलं नसतं. मी मान खाली घालून ऐकायचो, आणि ब्रदर पुढचं विचारायचे, तेही मलाच हवं असलेलं.

मग एके दिवशी वरून हुकूम आला आणि ब्रदरांची बदली झाली, कुठेतरी फार लांब. हुकूम म्हणजे हुकूम, बाजाराच्या दिवसापर्यंतही ते थांबले नाहीत. एक पेटी घेऊन सकाळच्या मोटारीनं गेले. मुलं रांगेत उभी होती आणि रांग पहिल्यांदाच वाकडी होती, पण त्यांनी काही म्हटलं नाही. पुढे त्यांचं काय झालं, ज्या गावी गेले तिथे त्यांच्याकडे कुणी येत होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. आताशा संध्याकाळी घरात एकटा असलो की हा विचार फार छळतो.

पुढच्या बाजाराला बाप आला. शिपायानं त्याला फाटकावरच सांगितलं. तरी तो आत आला आणि माझ्यासमोर बसला. ‘जेवतं काय बराबर?’ त्यानं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. पुढे दोघांनाही काही सुचेना. आजूबाजूच्या सतरंज्यांवर सगळ्यांचं बोलणं चाललं होतं. आमच्यात एक माणूस कमी होता, आणि तो कमी झाल्यावर आम्ही बापलेक किती परके आहोत ते मला दिसलं. शेवटी बाप जमिनीकडे बघत म्हणाला, ‘गाय व्याली.’

मी विचारलं, ‘वासरू कोन्या रंगाचं हाये?’

बापानं मान वर केली, जरा सरकून माझ्याकडे तोंड करून बसला आणि सांगायला लागला.