बसून केलेलं काम

धरमपेठच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी नवी सुती साडी नेसून आली आणि त्या खळीच्या वासाने मी थेट उमरेडला, बाबांच्या हातमागापाशी पोचले. सातवीत मी निबंधात लिहिलं होतं, ‘माझे बाबा दिवसभर नुसते बसून असतात.’ मोठ्या ऐटीत त्यांना वाचूनही दाखवलं. बाबांनी माग थांबवला. “असं? मंग बस वं इथं.” मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबून दाबून माझ्या पोटऱ्या भरून आल्या, तरी बोटभर कापड होईना. बाबा हसत म्हणाले, “आता लिही.” मी ते वाक्य खोडलं.

आता कॉलेज सांभाळून मी इथे जाहिरातींचा मजकूर लिहिते. आज सकाळपासून चारच ओळी जमल्या होत्या, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

“काय करून राहिली वं?”

“काही नाही, बसली आहो.”

“मंग थकली असशील,” बाबा म्हणाले.