मालकांचा उजवा पाय

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते.

आमच्या मालकांना लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. मी बगलेत हात घालून त्यांना उठवायचे, बसवायचे, घास भरवायचे. पिंपरी पेंढारमध्ये माझं नाव झालं. शेजारची हौसा म्हणायची, "लई सेवा करतीस गं. आमचा म्हातारा असा पडला तर मी ढुंकून बघायची न्हाई."

सेवा होती का ती? मालक मारकुटे नव्हते. असते तर सांगणं सोपं गेलं असतं. पण जुन्नरच्या बाजाराला जायचं तरी मला त्यांना विचारावं लागायचं. ते पडले, आणि कांदा कधी काढायचा हे पोरं मला विचारू लागली. मला ते आवडलं — एवढंच.

व्यायाम घ्यायला एक पोरगी घरी यायची. म्हणायची, "आजी, तुम्ही हात लावू नका. आबांना स्वतः उठू द्या."

मग एका पहाटे पाहिलं — मालक खिडकीचा गज धरून उभे होते. उजवा पाय थरथरत होता, पण अंगाचा भार घेत होता. माझ्याकडे बघून हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं. मला आनंद झाला का? मी बगलेत हात घालून त्यांना परत खाटेवर बसवलं.

पोरगी सोमवारी तपासणार होती — खाटेवरून उठून खुर्चीत जाता येतं का, उभं राहून वळता येतं का. त्यावरून चालणं शिकवायचं की नाही ते ठरणार होतं. तिनं बजावलं होतं, "त्या सकाळी त्यांना दमवू नका. दमले की पाय साथ देत नाही."

म्हणून दमवलं. जाणूनबुजून. तेल रगडलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, मग बिनपाठीच्या स्टुलावर कितीतरी वेळ बसवून ठेवलं. ती आली तेव्हा त्यांची मान लोंबत होती. उठायला गेले, मागे खाटेवर पडले. पुन्हा गेले, पुन्हा पडले.

"मी नसताना उठतात का?"

"न्हाई गं बाई. कुठलं जमतंय त्यांना."

मालकांनी घशातून आवाज काढला. डावा हात खिडकीकडे केला.

"काय म्हणतात आबा?"

"खिडकी लाव म्हणत्यात. वारं लागतंय."

मी उठून खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी पाय खाली सोडले होते. मला पाहिलं. मग डाव्या हातानं उजवा पाय उचलला आणि परत खाटेवर ठेवला.

पुढच्या खेपेला पोरगीनं पुन्हा तपासलं. त्यांनी प्रयत्नच केला नाही. कूस कशी बदलायची तेवढं मला दाखवून ती गेली, ती गेलीच.

तो पाय आता वाळलाय. मालक जिवंत आहेत. हे लिहितेय तेव्हा आतल्या खोलीत जागे आहेत.