तळमजल्याची खोली

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्यानं भाड्याची खोली काही शोधलेली नसावी. आजारी माणूस सोबत घेऊन तर नाहीच नाही.

आमची खोली वाशीमला, स्टेशनकडच्या भागात, तिसऱ्या मजल्यावर होती. मी एका खासगी शाळेत कारकून, आणि आमचे हे मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात. दोघांना पुरायची ती खोली, भाडंही झेपायचं. मग माझ्या आईच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि तेही वाशीमलाच. आई राहायची गावी भावाकडं, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या पुढं. मशीनवरून उठलेलं माणूस एसटीत बसवून गावापर्यंत न्यायचं म्हणजे काय, ते नेणाऱ्यालाच माहीत. एकदा तर ती स्टँडवरच्या बाकावर आडवी झाली ती उठेचना. भाऊ फोनवर म्हणाला, "तूच ठिव तिले, तुले दवाखाना जवळ पडते." बोलायला त्याच्या बापाचं काय जातं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाप आमचा एकच, आणि भाऊ म्हणत होता ते खरंच होतं.

मी आईला आणली. दुसऱ्या मजल्यावर ती जिन्यातच बसली आणि म्हणाली, "माय, मले इथंच राहू दे. तुमीच खाली-वर करत जा." आम्ही हसलो. ती धापा टाकत हसली. त्याच दिवशी ठरवलं, आता तळमजला पाहायचा.

मग रविवार आला की यांच्या गाडीवर मागं बसायचं आणि गल्ल्या हिंडायच्या. डॉक्टर-वकिलांच्या वस्तीकडं आम्ही वळलोच नाही, उगाच कशाला जीव जाळायचा. पुसद नाक्याकडं खोल्या परवडत होत्या, पण पाण्याची बोंब. गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये भाडं आणखी कमी, पण काळ्या मातीतला रस्ता, पावसात ऑटोवाला आत यायचं नावच काढणार नाही. जुन्या गावात दवाखाना जवळ, तर उंबऱ्याशी गुडघाभर उंच पायऱ्या. आणि जिथं जावं तिथं मालक आधी पाण्याचं सांगणार. नळ किती दिवसांनी येतो, टाकी केवढी, बोअर कुठं. एका घरी मालकानं टाकीचं झाकण उघडून दाखवलं. घरी येऊन ते सांगितलं तर आई म्हणाली, "माह्यासाठी पाणी कायले पायता व? मले तर पाणीच बंद हाये."

खरं होतं ते. दिवसाला एक छोटा पेला, त्यातच गोळ्या आणि चहा. पेला माझ्या ताब्यात असायचा. ती मागायची, मी नाही म्हणायची. आईला पाणी नाही म्हणायचं, याच्यापेक्षा वाईट काम मी आयुष्यात केलं नाही.

खोल्या मिळत नव्हत्या असं नाही. आईचं सांगितलं की मिळेनाशा व्हायच्या. तोंडावर कोणी नाही म्हणत नव्हतं. कोणाचा पोरगा पुण्याहून राहायला येणार होता, कोणाला जावयाला विचारायचं होतं. शेवटी जुन्या गावातल्या एका किराणावाल्यानं खरं सांगितलं. "ताई, राग नोका मानू. तुमची आई इथं गेली आन् नक्षत्र वंगाळ निघालं, त घराले सहा महिने कुलूप लावा लागते. मले वरच्या मजल्यावर राह्याचं हाये, बापा."

आमच्याकडं हे मानतात. वाईट नक्षत्रावर घरात माणूस गेलं तर सगळ्यांनी घर सोडायचं, भटजी सांगतील तितके महिने. मलाही ठाऊक होतं, पण आपल्या आईच्या बाबतीत कोणी बोलेपर्यंत ते डोक्यात येत नाही. मी म्हणाले, "माह्यी आई जित्ती हाये, आन् तुमी तिचं नक्षत्र काढून बसले?" यांनी माझं कोपर धरून मला बाहेर काढलं. गाडीला किक मारता मारता म्हणाले, "अवं, पुढच्या घरी सांगूच नोको."

पुढचं घर एका बाईंचं होतं. साठीच्या पुढच्या, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. त्या मागच्या बाजूला राहायच्या. पुढच्या दोन खोल्या तळमजल्यावर, उंबरा बसका, ऑटो दारापर्यंत येणारा. भाडं आमच्या आवाक्यातलं. नळ रोज यायचा, हे तर वाशीमला सांगून कोणाला पटलं नसतं. आम्ही आजाराचं बोललो नाही. आईला घेऊन सामान टाकायला गेलो, तेव्हा त्या काकूंनी तिच्या हातावरची पट्टी आणि सुजलेले पाय पाहिले. सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"लपवून कायले ठेवलं?" त्या मला म्हणाल्या. मग आईकडं वळल्या. "राहा तुमी. मी काई हाकलून देत नाई. पण शेवटची येळ आली त गावाले जायाचं. इथं नोको. माहे मालक वंगाळ नक्षत्रावर गेले, त्या टायमाले हे घर सोडून पाच महिने जावेच्या ओसरीत पडून होती मी. आता होत नाई मायाच्यानं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "नाई मरत बाई तुमच्या घरात. जबान देते."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय. मी मुकाट्यानं गाद्या आत घेतल्या.

पुढचे महिने बरे गेले म्हणायचे. काकू वाईट नव्हत्या. आईसाठी बिनमिठाची भाजी त्या आठवणीनं वेगळी काढायच्या. दोघी अंगणात बसून गावच्या गोष्टी करायच्या. नळ आला की आई उठून नळाशी बसायची आणि बादली भरताना नुसती पाहत राहायची. मी हाक मारली की म्हणायची, "पीत नाई व, पाहून राह्यली."

पावसाळा सरता सरता तिचं शरीर मशीन सोसेना. डायलिसिसवर घेतलं की प्रेशर पडायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या. सेवा करा." कोणत्या घरी, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मी ठरवलं होतं, हलवायचंच नाही. कोण काढतं ते पाहू. काकूंकडं गेले आणि सरळ सांगितलं, "काकू, आता तिले कुठं नेऊ? गावापर्यंत ती टिकणार नाई." काकू कणीक मळत होत्या. त्यांचे डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू. तरी म्हणाल्या, "मी काय राक्षसीन हाव का? पण शब्द झालता."

मी तणतणत परत आले, तर आईनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं. ती म्हणाली, "गाडी बोलाव."

"आई, गुमान पडून राह्य."

"भांडू नोको. तुले इथं राह्याचं हाये. मंग कुठं पायशीन खोली?"

मरणाच्या दारात बसून ती माझ्या भाड्याच्या खोलीची काळजी करत होती. मला इतकी चीड आली की मी रडलेसुद्धा नाही. काकूंची चीड, भावाची चीड, आणि तिचीसुद्धा. यांनी भाड्याची गाडी आणली. काकू फाटकाशी आल्या, आईच्या कपाळाला कुंकू लावता लावता थबकल्या, कारण आई विधवा, आणि त्याही. मग नुसता हात धरला आणि सोडला.

सकाळची वेळ होती. हे पुढं बसले, मागं आईचं डोकं माझ्या मांडीवर. दोन्हीकडं सोयाबीन पिवळं पडलेलं. मालेगाव यायच्या अलीकडं ती म्हणाली, "पाणी दे." मी सवयीनं बाटलीच्या झाकणात ओतलं. तिनं झाकण हातानं बाजूला केलं. "आता त पोटभर देशीन का नाई?"

मी बाटली तिच्या तोंडाला लावली. अर्धं तोंडात, अर्धं माझ्या साडीवर. ती थांबत थांबत प्यायली. "गोड हाये व पाणी," म्हणाली. त्यानंतर काही बोलली नाही. मालेगाव मागं पडलं तेव्हा तिचं डोकं एकदम जड झालं. मी यांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी मागं पाहिलं. गाडीवाल्याला आम्ही गाव येईपर्यंत कळू दिलं नाही. त्यानं रस्त्यातच उतरवलं असतं तर काय केलं असतं आम्ही?

तेरवी करून परत आलो. काकूंनी आधी पाणी दिलं, मग हळूच विचारलं, "गावातच ना?"

"रस्त्यात," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला. रडत होत्या त्या, पण त्यांचा सुटलेला श्वासही मला ऐकू आला. मग म्हणाल्या, राहा तुम्ही इथंच. आणि आम्ही राहिलो. फार वाटायचं, सामान उचलावं आणि त्यांच्या तोंडावर निघून जावं. पण जायचं कुठं? रोज नळ येणारा तळमजला या भाड्यात वाशीमला दुसरा नव्हता. आईनं तो मला राखून दिला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात काकू न्हाणीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्या खचल्याच. मुलगा पुण्याला न्यायला आला, त्या गेल्या नाहीत. परवा मी त्यांच्याजवळ तूर निवडत बसले होते, तर म्हणाल्या, "एक सांगते, ध्यानात ठेवजो. मले काई झालं त दवाखान्यात नोको नेऊ. पोरगं पुण्याले नेतो म्हणीन, त्यालेही नाई म्हणजो. माह्या खाटेवरच जाऊ दे मले."

माझा हात सुपातच थांबला. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना काही आठवलं असेल तर तसं चेहऱ्यावर दिसलं नाही.

"आन् नक्षत्र वंगाळ निघालं त, काकू?"

"निघू दे," त्या म्हणाल्या. "घर माह्यं हाये."

मी उरलेली तूर निवडून दिली. संध्याकाळी हे दुकानातून आले, हातपाय धुऊन बसले. मी ताट वाढलं आणि म्हणाले, "येत्या रविवारपासून खोल्या पाहाले लागा."

"काहून?" हे म्हणाले.

"काकूले घरातच मरायचं हाये," मी म्हणाले आणि त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.