आधी म्हातारीची घंटा

शत्रूची शेवटची झोपडी पडायला आली की रामटेके हल्ला थांबवायचे. भिंतीला भेग गेलेली असायची, छपरातून धूर निघत असायचा, आणखी एक बाण सोडला की पडद्यावर विजयाची अक्षरं झळकणार असायची. पण रामटेके तो बाण सोडत नसत. ते आधी सगळं सैन्य उलट फिरवून गावात आणायचे, जखमींना वैद्याच्या दारात बसवायचे, शेतकऱ्यांना शेतावर पाठवायचे आणि गावाची वेस लावून घ्यायचे. शत्रूच्या झोपडीपाशी फक्त एक तिरंदाज मागे ठेवलेला असायचा. सगळे घरी पोचले याची खात्री झाली की त्याला शेवटचा बाण मारायला सांगायचे आणि मग जिंकायचे.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, "भाऊ, सगळे घरी आले, पण तो तिरंदाज?"

"तो कॉन्ट्रॅक्टवर आहे," रामटेके म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरून हा विनोद आहे की माहिती, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे वर्षभर त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून काढलं, तरी तो मार्ग मला सापडला नाही.

अमेरिकेत, अर्विंगमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं कॉम्प्युटरवरचे खेळ तपासायचो. ज्यांनी असे खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर सगळा मुलूख वरून दिसतो. शेतं, झोपड्या, जंगल, त्यात मुंगीएवढी माणसं. त्यांना माउसने हुकूम द्यायचे: तू लाकडं तोड, तू भिंत बांध, तू जाऊन लढ. तुमचा विचार होईपर्यंत शत्रू काही थांबत नाही, तोही तिकडे हेच करत असतो. अशा लढाया एका कथेत ओवल्या की त्याला कॅम्पेन म्हणतात. मी पुण्यात कॉलेजात असल्यापासून हे खेळत आलेय, त्यामुळे या नोकरीत मला पगार मिळतो ही गोष्ट मी आईला बराच काळ नीट समजावू शकले नव्हते. रामटेक्यांनी मात्र इथे येईपर्यंत जन्मात एकही खेळ खेळला नव्हता. ते नागपूरचे, वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. आधी विम्याचं सॉफ्टवेअर तपासत होते. ते काम संपलं, तेव्हा व्हिसा टिकवायला जे कॉन्ट्रॅक्ट मिळालं ते घेतलं, आणि ते नेमकं युद्धाचं निघालं.

पहिल्याच दिवशी आमचा मॅनेजर केविन त्यांना 'राम' म्हणून हाक मारू लागला. इथे आपल्या आडनावांचे लचके तोडले जातात, त्यात नवं काही नाही. रामटेके शांतपणे म्हणाले, "राम नको. टेके चालेल." केविनने कारण विचारलं नाही. मलाही नीट उमजलं नव्हतं. नंतर एका रविवारी त्यांच्या घरी जेवायला गेले, समोरच्या भिंतीपाशी बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारची तसबीर पाहिली, आणि मग मलाही विचारावं लागलं नाही.

विम्यातली सवय त्यांनी इथे जशीच्या तशी आणली. लढाईत माणसं मरतात, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. रामटेके प्रत्येक मेलेल्या सैनिकापाशी थांबायचे. "हा काहून मेला?" असं पुटपुटत लढाई मागे नेऊन पुन्हा पाहायचे. त्यांच्या तक्रारींचे मथळे ऑफिसात प्रसिद्ध होते. 'सैनिक मेला. कारण दिसत नाही.' 'दोन शेतकरी एकाच जागी उभे आहेत. एकमेकांना ओळख देत नाहीत.' आम्ही हसायचो, आणि मग त्यातल्या निम्म्या चुका खऱ्या निघायच्या. उभे असलेले सैनिक आपल्याच तोफेच्या गोळ्याखाली मरत होते आणि आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं.

"विम्यात माणूस मेला की काम सुरू व्हायचं," ते म्हणायचे. "इथे मेला की कोणी विचारत नाही. दुसरा बनवून राहिले."

बारा वाजता डबा. मग शत्रू वेशीवर उभा असो. खेळ थांबवून ते पोळी आणि वांग्याची भाजी सावकाश खायचे, मलाही वाढायचे. "उपाशी पोटी हल्ला नाही करायचा," असं त्यांचं ठाम मत होतं. "भलताच माणूस मरतो." प्रत्येक लढाईला मजेसाठी दहापैकी गुण द्यायचे असत. मी भरघोस द्यायचे, आठ, नऊ. रामटेके लिहायचे, 'मजा: लागू नाही.' केविन म्हणाला, आकडा द्यावाच लागेल. तेव्हापासून ते प्रत्येक लढाईला पाच देऊ लागले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नापास कोणीच होऊ नये."

तर हे रामटेके नवव्या लढाईशी येऊन अडकले.

नववी लढाई आमच्या कॅम्पेनचा कळस होती. कथा लिहिणाऱ्या एमिलीचा तिच्यावर विशेष जीव. नदीकाठचं गाव, डोंगरावरून उतरणारी प्रचंड फौज. खेळणाऱ्याने गाव वाऱ्यावर सोडायचं, मागच्या वाटेने जाऊन शत्रूची छावणी मोडायची आणि जिंकायचं. जिंकल्यावर छोटा सिनेमा लागायचा: जळालेलं गाव, राखेत पडलेली घंटा, ती वाजवणाऱ्या म्हातारीची ओढणी, आणि आमचा नायक गुडघे टेकून सूड घ्यायची शपथ घेतोय. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा रडले होते आणि नऊ गुण दिले होते.

रामटेक्यांनी गाव सोडलं नाही. धक्क्यावर मासेमारीच्या होड्या होत्या, त्या फक्त मासे धरायला ठेवल्या होत्या. यांनी त्यात शेतकरी बसवून पाहिले. बसले. मग गावातली बायकापोरं, लोहार, वैद्य, शेळ्या, सगळ्यांना खेपा करून पैलतीरी नेलं. उरली ती म्हातारी. तिला हुकूमच देता येत नव्हता, तिच्यावर कितीही क्लिक करा, ती आपली घंटेपाशी उभी. रामटेके दोन दिवस तिच्याकडे बघत बसले. मग त्यांनी पैलतीरी एक नवं घंटाघर बांधलं आणि अलीकडचं पाडून टाकलं. म्हातारीने जरा वेळ इकडेतिकडे पाहिलं, चालत धक्क्यावर आली आणि आपण होऊन होडीत बसली.

"म्हाताऱ्या माणसाला समजावत नाही बसायचं," रामटेके मला म्हणाले. "त्याची घंटा पहिले न्यायची."

मग नेहमीप्रमाणे एक तिरंदाज मागे ठेवून त्यांनी छावणीचा शेवटचा तंबू पाडला, आणि पडद्यावर सिनेमा लागला. जळालेलं गाव. राख. ओढणी. सगळे मेले म्हणून नायक शपथ घेऊ लागला. पैलतीरी अख्खं गाव शेळ्यांसकट धडधाकट उभं होतं, पण खेळाला ते माहीत नव्हतं. माणसं वाचली तर काय करायचं, हे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

रामटेक्यांनी तक्रार नोंदवली. 'सर्व ग्रामस्थ जिवंत आहेत. खेळ ते मान्य करत नाही.'

खेळ बाजारात जायला थोडेच दिवस उरले होते. केविनने आम्हाला मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि रामटेक्यांना सगळ्यांसमोर खेळून दाखवायला सांगितलं. ते डबा खाऊन आले आणि खेळले. होड्या गेल्या, म्हातारी गेली, सैन्य परत आलं. एमिलीने विचारलं, "तो एकटा मागे का राहिलाय?"

"ही इज अ कॉन्ट्रॅक्टर," रामटेके म्हणाले.

कोणी हसलं नाही. खोलीतले निम्मे लोक कॉन्ट्रॅक्टवर होते. सिनेमा लागून संपला.

"टेके, असं कोण खेळतं?" केविनने विचारलं.

"मी."

"पण तुझ्याशिवाय?"

"गावातले सगळे जिवंत आहेत. तुमचा सिनेमा म्हणतो मेले. विम्यात आम्ही याला खोटा दावा म्हणायचो."

केविन वाईट माणूस नव्हता, त्याच्या डोक्यावर तारीख होती. नवा सिनेमा बनवायला वेळ नाही, पुढच्या तीनही लढाया त्या सुडावर उभ्या आहेत, तेव्हा रामटेक्यांनी नववी लढाई पास करून टाकावी, असं त्याने सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक लढाई तपासणाऱ्याने पास म्हणायची पद्धत होती. त्याच आठवड्यात कोणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं हेही ठरणार होतं, आणि ते केविनच ठरवणार होता.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. त्यांची मुलगी तन्वी शाळेत अकरावीला होती. तिची शाळा पूर्ण होईपर्यंत कशीबशी नोकरी टिकवायची, एवढंच त्यांना इथून हवं होतं. ग्रीन कार्डची आशा त्यांनी कधीच सोडली होती. मी म्हटलं, "भाऊ, एक बटण आहे. दाबून टाका ना. तन्वीचा विचार करा. खोटी माणसं आहेत ती."

त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि ते तसंच धरून उभे राहिले.

"गौरी, मी पास केलं तर ते मेले ना," ते म्हणाले. "आत्ता जिवंत आहेत."

मग दार लावून ते घरी गेले.

नववी लढाई शेवटी केविनने स्वतः पास केली. खेळ वेळेवर बाजारात गेला. रामटेक्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मला मात्र संताप आला होता, आणि तो कुठे काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी त्यांना सोबत घेऊन नोकऱ्या शोधत बसले. व्हिसाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर परतीचं तिकीट. नोकरी मिळाली नाही.

घरात खरी लढाई तन्वीशी होती. मी गेले तेव्हा ती सोफ्यावर मांजर मांडीत घेऊन बसली होती. "आय अ‍ॅम नॉट गोइंग, बाबा," ती म्हणाली. "यू गाइज गो. मी रियाच्या घरी राहीन." सुषमावहिनी तिला समजावून समजावून थकल्या होत्या. नागपूरची शाळा, आजी, आत्याच्या मुली, सगळं सांगून झालं होतं. रामटेक्यांनी मांजराला लशी टोचून आणल्या, त्याचे कागद केले, आणि वहिनींबरोबर ते आधी नागपूरला पाठवून दिलं. जाताना तन्वी त्याला एअरपोर्टवर सोडायला आली होती. तिला वाटलं, आईची सोबत म्हणून जातंय.

आठवड्याभरात तिने विचारलं, "बाबा, आपलं तिकीट कधीचं आहे?"

हे मला रामटेक्यांनी फोनवर सांगितलं. त्यांच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता. तिला तिथे आवडेल का, याची त्यांना धास्ती वाटत होती, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं. मग त्यांनी सोफा विकला, कुकर मला दिला, गाडी मित्राला दिली, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरची तसबीर उतरवून हातातल्या बॅगेत ठेवली. दोघं गेले. माझ्या शेजारचं टेबल रिकामं झालं आणि मी बरेच दिवस वेळी-अवेळी जेवत राहिले.

काही महिन्यांनी एमिली माझ्यापाशी आली. "त्या दिवसापासून मला माझा सिनेमा बघवत नाही," ती म्हणाली. तिने फावल्या वेळात नववीचा दुसरा शेवट बनवला होता. गाव वाचवलं तरच तो दिसणार होता. केविननेही पुढच्या अपडेटमध्ये घालायला हरकत घेतली नाही. तपासायचा मी.

मला तो दिसेना, कारण मला गाव वाचवता येईना. माझा हात उतावळा. कधी वैद्य मागे राहायचा, कधी शेळ्यांच्या मागे गेलेलं एखादं पोर. शेवटी मी घरूनच एका संध्याकाळी नागपूरला फोन लावला. बाहेर अजून ऊन होतं, तिकडे नुकतीच सकाळ झाली होती. मागे कुकरची शिट्टी आणि तन्वीचा आवाज ऐकू येत होता. ती आजीशी भांडत होती, आणि चक्क मराठीत.

"जेवली का?" रामटेक्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग काय वाचवून राहिली तू? पहिले जेव."

मी फोन चालू ठेवून वरणभात खाल्ला. मग ते सांगत गेले तशी मी खेळत गेले. पोरं आधी. शेळ्या शेवटी नाहीत, मध्ये, म्हणजे पोरं त्यांच्यामागे परत पळत नाहीत. घंटाघर. म्हातारी. ती होडीत बसली तेव्हा मी ते मोठ्याने सांगितलं, आणि ते "हं" म्हणाले. छावणीचा शेवटचा तंबू राहिला.

"तिरंदाज?"

"उभा आहे."

"सोड बाण."

नवा सिनेमा लागला. शत्रू मोकळ्या गावात शिरतो, चुली अजून गरम आहेत, माणूस एकही नाही. तेवढ्यात पैलतीरावर घंटा वाजते. म्हातारी वाजवत असते, सगळं गाव काठावर जमलेलं असतं आणि आमचा नायक शपथ वगैरे न घेता खाली बसून बूट काढतो. मला वाटलं संपलं. पण घंटा वाजतच राहिली, आणि पाण्यावरून एक होडी येताना दिसली. तीत एकच माणूस होता. एमिलीने त्या दिवशी मीटिंगमध्ये ज्याच्याबद्दल विचारलं होतं, तो तिरंदाज.

फोनवर घंटा त्यांनाही ऐकू गेली असणार. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "सगळे आले?"

"आले, भाऊ," मी म्हटलं. "तिरंदाजसुद्धा आला."

मागे तन्वी मांजराला हाक मारत होती.

"मग कर पास," रामटेके म्हणाले.